गणपत बेलीफ आणि अंगाचा वाटा

रापणीच्या वाट्यावर कोर्टाची टाच घेऊन आलेला माणूस माझा गुरू झाला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. गणपत बेलीफ, धामापूरचा. काखेत छत्री, पिशवीत समन्स. मालवणहून तरीने खाडी ओलांडून तोंडवलीला पायी यायचा.

साल अठ्ठावन्न. रापण म्हणजे प्रत्येकाने आणलेली जाळी जोडून किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायची आणि मासळीचे वाटे पाडायचे. आमच्या रापणीतल्या शिवाने घरासाठी कौलं उधार घेतली होती. पैसे थकले, व्यापाऱ्याने हुकूमनामा मिळवला. शिवाच्या घरात जप्त करण्याजोगं काही नव्हतं, म्हणून कोर्टाने रापणीचा म्होरक्या महादू याला लिहिलं, ‘शिवाचा वाटा त्याला देऊ नका, इथे भरा.’ चार पोरांची चूल त्या वाट्यावर पेटायची.

गणपतने आणलेली ती नोटीस मी महादूच्या हातून हिसकावली.

“फाड,” गणपत म्हणाला. “उद्या दुसरी आणतलंय. पण शिवाक वाटो कसलो गावता, ता आधी सांग.”

“अर्धो त्याच्या जाळ्याचो, अर्धो अंगाचो.”

“अंगाचो म्हणजे मजुरी मां?”

माझं डोकं फिरलं. “आमी कोणाचे गडी नाय. रापणीत सगळे भागीदार.”

“कोर्टात असाच छाती काढून सांग, सगळो वाटो जायत. मजुराच्या मजुरीक टाच लागणा नाय.” त्याने छत्री उचलली. “मी काय सांगलंय नाय हां.”

मी चौथी पास. तरी एका वकिलाच्या कारकुनाला पिडून मजुरीला टाच न लागण्याचं ते कलम वाचून घेतलं, तेव्हा कळलं की खरा अडथळा आमची मिजास होती. महादू आठवडाभर ऐकेना. “शिवाक मजूर म्हणू? माझ्या बापाशीन त्याच्या बापाशीक कधी म्हटल्यान नाय.”

शेवटी शिवाच मुन्सफांपुढे उभा राहिला. खाली बघून, शुद्ध मराठीत म्हणाला, “साहेब, अर्धा वाटा माझ्या अंगमेहनतीची मजुरी आहे.” महादूने नुसती होकाराची मान डोलावली. अंगाच्या वाट्यावरची टाच उठली. जाळ्याचा वाटा दोन हंगाम कोर्टात जात राहिला आणि देणं फिटलं.

त्या दोन वर्षांत गणपतने आमच्या किनाऱ्यावरचं पेडव्यासारखी फुटकळ मासळीही घेतली नाही. देणं फिटल्याचा कागद घेऊन आला, तेव्हा शिवाने पानात बांधलेले सहा बांगडे पुढे केले.

“ह्ये खंयच्या वाट्यातले?” गणपतने विचारलं.

“अंगाच्या.”

“मगे जप्त करूक येवचे नाय,” म्हणत त्याने ते पिशवीत टाकले, समन्सांच्या वर.

पुढे मी कित्येकांची जप्ती अडवली. लोक मला वकील म्हणतात. ते श्रेय माझं नाही.