येळवशीची सुट्टी

रेवा, ईशान,

सास्तूर सोडलं तेव्हा तुमचे आजोबा टेम्पोत खिडकीशी बसले होते आणि त्यांच्या नि ड्रायव्हरच्या मध्ये मी, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन. त्यांच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर डायलिसिस, म्हणून मुक्काम धाराशिवला. भूकंपानंतर अख्खं गाव उठून नव्या जागी बसलं होतं. या वेळी मात्र आम्ही दोघंच निघालो होतो. सासूबाई म्हणायच्या, "शेताला रोज धन्याचं पाय दिसलं पायजेत." ते शेत मागं पडेपर्यंत आजोबा खिडकीतून हात हलवत राहिले, जणू चार दिवसांत परतणार.

इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. वेळापत्रकाशिवाय मला चैन पडत नाही. फ्लॅटमध्ये पहिल्याच दिवशी फ्रिजवर तक्ता चिकटवला: गोळ्या, वजन, पाणी. पाणी दिवसाला जेमतेम बाटलीभर, जास्त झालं की अंगात साठतं. सास्तुरात तांब्यावर तांब्या रिचवणाऱ्या माणसाचे मी घोट मोजू लागले. "लगीन मास्तरणीशी लावलं, निघाली जेलर," असं ते येईल त्याला सांगत.

मीही हसायचे. पण एका दुपारी ते बेसिनच्या नळाला तोंड लावून पिताना सापडले, आणि मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मिक्सर सुरू केला. पुढं ती सवयच लागली. माझा धाक वाढत गेला आणि आमच्या गप्पा आटत गेल्या. माणूस जपताना नवरा हातून निसटतोय, हे मला कळत होतं.

अशात वेळ अमावास्या आली. तुम्ही लहानपणीच गाव सोडून गेलात, म्हणून सांगते. आपल्याकडं तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जेवायला जातात: शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली ताकाची आंबील, गव्हाची खीर. आजोबांना यातलं बहुतेक वर्ज्य, म्हणून मी विषयच काढला नव्हता.

तेच म्हणाले, "यंदा तू एकटी जा."

"तुम्हाला टाकून?"

"मग काय! रिकामा मिक्सर किती फिरवशील गं? जळंल एखाद्या दिवशी."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं! मी इतकी लाजले की नाही म्हणायचंच राहून गेलं.

त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, बोलावून घेतलं. मी त्यांच्या हाती दोन पानी सूचना ठेवल्या. "अगं बया," आक्का म्हणाल्या, "येवढी यादी माझ्या रुखवताची बी नव्हती. जा तू!"

शेतात ज्वारी डोक्याएवढी उभी होती. मी फोन हातात धरूनच जेवायला बसले. धाकटी जाऊ म्हणाली, "बाई, ठिवा की तो. दादा काय पळून जात्यात व्हय?" मी तो पिशवीत टाकला. मग दोनदा भज्जी घेतली, शेजारच्या शेतात जाऊन पुन्हा जेवले, पोरींबरोबर झोका घेतला. तासाभरानं ध्यानात आलं, आजोबांची आठवणच झाली नव्हती. क्षणभर चरकले. आणि मग, खरं सांगते, आणखी एक वाटी आंबील मागून घेतली.

संध्याकाळी फ्लॅटच्या दाराशी आले तर आतून भावाबहिणीचं हसणं ऐकू येत होतं. किल्ली हातात असून मी जरा वेळ तशीच उभी राहिले. माझ्या पहाऱ्याशिवाय ते दिवसभर जिवंत होते, आणि मजेत होते. सास्तूर माझं गाव आहेच, पण ते दार उघडताना पहिल्यांदा वाटलं, की आपण घरी आलो.

"बस," आजोबा म्हणाले. "पहिल्यापासून सांग. काय बी गाळू नको."

मी सांगत गेले. भज्जीत काय काय होतं, आंबील किती आंबट झाली होती, झोका किती उंच गेला. ते डोळे मिटून ऐकत होते. खिरीपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांब गं. खीर उद्या मशीनवर सांग. चार तास काढायचेत."