कुंपणावरचा फ्लेक्स, पंधरा दिवस

पळसदरीच्या अलीकडे आमचं गाव आणि आमचं कुंपण नेमकं रस्त्याच्या वळणावर. ज्याला काही जाहीर करायचं असेल त्याला ते स्वतःचंच वाटायचं. एका सकाळी उठून बघते तर माझ्या जास्वंदीवर गॉगल लावलेले बारा-पंधरा चेहरे, मधल्या मोठ्या चेहऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत उभे. मला विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. मी विळा आणला आणि तारा कापून सगळ्यांना खाली घेतलं. त्याच रागात पुढे ग्रामपंचायतीला उभी राहिले आणि निवडूनही आले.

पहिल्याच ग्रामसभेत ठराव मांडला. राहत्या घराच्या भिंतीवर, गेटावर, कुंपणावर फ्लेक्स लावायचा तर घरमालकाची लेखी संमती हवी. पंधरा दिवसांत तो उतरवायचा, नाहीतर पंचायत उतरवणार. वाढदिवस असो की श्रद्धांजली, कुणालाही सूट नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंना दुसरं काम नाय." पण ठराव झाला. चांगला ठराव होता, मी आजही छातीठोकपणे सांगते.

उतरवलेल्या फ्लेक्सचं काय करायचं हे त्यात लिहिलं नव्हतं. ते आमच्याकडे न लिहिताच ठरलेलं असतं: जो आधी मागेल त्याचा. पावसाआधी पेंढ्यावर, सरपणावर घालायला, गोठ्यात खाली अंथरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आमच्या आळीतल्या काकींचा एकुलता एक मुलगा मोहोपाड्याला कंपनीत पाळीपाळीने कामाला होता. कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेला. मित्रांनी काकींच्या गेटावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. संमतीच्या कागदावर काकींची सही मीच घेतली होती. सोळाव्या दिवशी फ्लेक्स तिथेच दिसला. "राहू द्या की चार दिवस," पंचायतीचा शिपाई म्हणाला. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. काकी शेतावर गेल्या असताना त्याने तो उतरवला. पुढे तो कुठे गेला, मी विचारलं नाही.

आठवड्याने काकी दारात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"माज्या पोराच्या तोंडावर शेणी रचल्यात गं. वरच्या आळीच्या गोठ्यात."

दाराची चौकट धरून त्या पुढे म्हणाल्या,

"काढलास त्याचं काय नाय. नियम हाय तुमचा. पन मला हाक मारायचीस. आधारकार्डावरचा सोडला तर घरात त्याचा फोटो नाय, आन् त्यात तो वळखू येत नाय."

तशीच उठून गोठ्यावर गेले आणि एकेक गोवरी बाजूला काढली. गोठेवाला बिचारा सारखं म्हणत होता, "मला सांगितलं असतं तर मीच नेऊन दिला असता." नळाखाली साबण लावून मी फ्लेक्स धुतला. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पुढच्या ग्रामसभेत ठरावात एक ओळ वाढवली: श्रद्धांजलीचा फ्लेक्स घरच्यांच्या हातात द्यायचा. पण ते नंतर.

संध्याकाळी तो घेऊन काकींकडे गेले. त्यांनी ओटीवर अंथरला आणि आतून कात्री आणून दिली.

"हे खालचे शोकाकुल काप."

मी मित्रांची सगळी नावं कापली.

"आता वरचं पन."

वर लाल अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' होतं. मी सावकाश तेही कापलं. मग उरला नुसता एक हसरा, केस मागे फिरवलेला मुलगा. कात्री ठेवून म्हणाले, "काकी, चुकलं माझं."

त्यांचं लक्षच नव्हतं. फोटोवरून हात फिरवत म्हणाल्या, "आता बग, पाळीवरनं आत्ता घरी आल्यासारका दिसतो."