भिंगकाकांना ठिपका दिसला

वेधशाळेत सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. घड्याळदुरुस्तीचं दुकान सोडून ते इथे आले आणि दुर्बिणीची भिंगं पुसता पुसता केस पिकले. भिंगावरचा केसाएवढा ओरखडाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. घरी मात्र स्वतःचा चष्मा शोधायला बायको लागायची.

यंदा जुनी यंत्रं काढून नवी बसवायचं काम निघालं. त्यात लेझरही बदलला. हा लेझर वर आकाशात एक खोटा तारा उमटवतो. तो तारा कसा थरथरतो त्यावरून हवेची थरथर कळते आणि दुर्बिणीचा आरसा तसा सावरून घेता येतो. जुना लेझर हिरवा होता, नवा नारिंगी. रंग बदलला म्हणून डोळ्यांवर लावायचे संरक्षक चष्मेही नवे आले.

त्या सकाळी लेझर अगदी मंद ठेवून चालू करून बघायचा होता. काका काळ्या पडद्याआड लेझरच्या वाटेत पांढरं कार्ड धरून उभे. इंजिनिअर मॅडम बाहेर बटणांपाशी.

“काका, चष्मा लावला ना?”

“लावला हो. तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून लावतोय.”

कार्डावर नारिंगी ठिपका उमटला. गोल, स्वच्छ, बघत राहावा असा.

“दिसला! मॅडम, दिसला!”

बाहेरून मॅडमचं ओरडणं ऐकू आलं, “दिसला म्हणजे? काका, तो दिसायलाच नको! डोळे मिटा!” खटकन लेझर बंद झाला.

काकांनी चष्मा काढून पाहिला. काचा केशरी होत्या. नव्या चष्म्याच्या निळसर. हात सवयीनं जुन्याच खुंटीकडे गेला होता. हिरवा प्रकाश अडवणाऱ्या त्या काचांनी नारिंगी प्रकाश खुशाल आत सोडला होता.

डोळे मिटले, तरी ठिपका तिथेच.

मॅडम धावत आत आल्या. “मीच आत येऊन बघायला हवं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळची वेळ मिळाली.

तोवर घरी बसून काय करायचं? काका एकदा डावा, एकदा उजवा डोळा झाकून फरशीकडे बघत बसले.

“अहो, फरशीत सोनं पुरलंय का?” बायकोनं विचारलं.

“डोळ्याचा पडदा बिघडला की सरळ रेघा वाकड्या दिसतात म्हणे, तेच बघतोय. ही बघ, ही वाकडी दिसतेय.”

“ती वाकडीच आहे. गवंडी तुमचाच मित्र होता.”

बोलली खरी, पण तीही खाली वाकून ती रेघ निरखू लागली. शेवटी शेवटी काकांच्या वडिलांना दिसेनासं झालं होतं, हाताला धरून न्यावं लागायचं. ते दोघांनाही आठवत होतं. काकांनी मनातल्या मनात हात जोडले. देवा, माझं पोट या डोळ्यांवर आहे, तुला वेगळं सांगायला नको.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली आणि कितीतरी वेळ आत डोकावत राहिले.

“हं.”

“हं म्हणजे काय, डॉक्टर?”

“हं म्हणजे हलू नका.”

बायकोनं काकांची बाही घट्ट धरून ठेवली होती.

“डोळ्यांच्या पडद्यावर डाग नाही,” डॉक्टर शेवटी म्हणाले. “लेझर मंद होता आणि तुम्ही कार्डावरच पाहिलंत, म्हणून वाचलात. पण महिन्याभरानं पुन्हा दाखवायला या.”

बाहेर येताच बायकोनं पदरानं डोळे पुसले. “तो जुना चष्मा घरी आणा. मी कांदे चिरताना लावीन. तुमच्या हाताला लागायला नको.”

पुढच्या खेपेला मॅडम स्वतः पडद्याआड आल्या, काकांच्या डोळ्यांवरच्या निळसर काचा नीट बघितल्या आणि मगच बाहेर गेल्या. लेझर सुरू झाल्याची घंटी वाजली. काकांनी कार्ड पुढे धरलं.

“काका, काही दिसतंय?”

काकांनी कार्डाकडे डोळे ताणून पाहिलं. निळसर कार्ड कडांसकट दिसत होतं, ठिपका मात्र नव्हता. पुन्हा पाहिलं.

“नाही!” त्यांना हुंदकाच आला. “काही म्हणजे काही दिसत नाही, मॅडम!”