पत्र्याखालची काळी राख

माझ्या संशोधनाच्या पदार्थाचे नाव लिथियम आयर्न सिलिकेट. नाव भारदस्त असले तरी त्यातील लोह, सिलिकॉन आणि ऑक्सिजन ही मंडळी कुठेही भेटणारी आहेत. जपून वापरायचे ते फक्त लिथियम. बॅटरीच्या धन टोकासाठी हा पदार्थ कागदावर फारच देखणा दिसतो. सूत्राच्या प्रत्येक एककामागे तो लिथियमचे दोन आयन देऊ शकेल असे गणित सांगते. शिवाय सिलिकॉन ऑक्सिजनला इतके घट्ट धरून ठेवते, की तापल्यावरही तो सहजासहजी सुटत नाही आणि बॅटरी पेटण्याचा धोका कमी होतो. प्रत्यक्षात एकच आयन कसाबसा बाहेर येतो, कारण या पदार्थातून वीज धड वाहत नाही. म्हणून कण बारीक करायचे आणि त्यांच्यावर कार्बनचा पातळ थर चढवायचा, हा सर्वमान्य उपाय.

मला सिलिकॉन भाताच्या तुसातून काढायचे होते. ही कल्पना माझी नव्हती. तूस मात्र माझे होते. कशेळ्याजवळ काकांची शेती आहे आणि तेथील गिरणीबाहेर तुसाचा ढीग बारमाही असतो.

एप्रिलमधल्या त्या आठवड्यात माझ्यासमोर एकच प्रश्न होता. शुक्रवारी समितीपुढे निदान एक शुद्ध नमुना दाखवता आला नाही, तर मला विषय बदलावा लागणार होता. दीड वर्षाचे काम वाया जाणार होते. आर्गॉन वायूत तापवणारी खोपोलीच्या प्रयोगशाळेतील भट्टी सगळ्यांत सामाईक. माझी पाळी सोमवारची. तूस मी सौम्य आम्लात धुऊन वाळवले होते, फक्त जाळायचे राहिले होते. मात्र पहिल्या प्रयत्नात सबंध मजला धुराने भरल्यामुळे प्रयोगशाळेत तूस जाळण्यास मला बंदी झाली होती. शनिवारी सकाळी मी अर्धे तूस काकांच्या स्वाधीन केले, "पांढरी राख हवी," एवढेच सांगितले आणि भिसेगावला घरी येऊन आलेख काढत बसले.

संध्याकाळी परत गेले, तर ढिगावर माती.

"काका, ही माती कुणी घातली?"

"मीच. राब कोन उघडा जाळतो गं?"

आमच्याकडे भात पेरण्याआधी रोपांच्या जागेवर शेण, पाला, गवत यांचे थर रचतात, वर माती भुरभुरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. जाळ होत नाही. जमीन हळूहळू भाजत जाते. हाच राब. काकांनी आयुष्यभर जमिनीवर जे जे जाळले, ते याच रीतीने.

"हा राब नाही, काका."

"धुमसतंय ना? मंग राबच."

"मातीत ॲल्युमिनियम असतं. सगळा नमुना बिघडला."

"आमच्या मातीत?" काका आनंदले. "मंग भात कशाला लावायचा, खानच काढू की."

काकू ओसरीवरून म्हणाली, "पयलं मला एक पातेलं काढून द्या. आहे ते गळतंय."

मला हसू आले नाही. उरलेले अर्धे तूस मी रविवारी स्वतः उघड्यावर जाळायचे ठरवले. काकांनी शेजारच्या पेंढ्याच्या उडवीकडे बोट दाखवले. "एक ठिणगी उडाली तर वरीसभराची वैरन जाईल. माती नको तर नको, पन झाकन पायजे." अखेर तडजोड झाली. विटांवर एक जुना पत्रा ठेवला, त्यावर तूस पसरले आणि काकांनी खिळ्याने भोके पाडलेला दुसरा पत्रा वरून झाकला. दिवसभर नुसता धूर निघत राहिला. संध्याकाळी झाकण उचलले, तर खाली काळीकुट्ट राख.

"पांढरी म्हटलं होतं मी."

"काळी काय वाईट गं? भांडी चांगली निघत्यात."

तूस संपले होते आणि वेळही. मी राख डब्यात भरली आणि कशेळ्याहून कर्जतला जाणाऱ्या जीपमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले. वाटेत राग ओसरला आणि विचार सुरू झाला. काळी म्हणजे कार्बन शिल्लक. भट्टीत लोहाला त्याच्या योग्य अवस्थेत टिकवण्यासाठी कार्बन हवाच होता. कणांवरच्या थरासाठी मी तो साखर जाळून वेगळा घालणार होते. शिवाय मंद आचेवर सिलिका स्फटिक बांधत नाही, त्यामुळे पुढची अभिक्रिया सोपी होते. मी जिला चूक म्हणत होते, तिच्यात माझे दोन टप्पे आधीच उरकले होते. अडचण एकच: राखेत सिलिका नेमकी किती? सोमवारी सकाळी चिमूटभर राख मुशीत पांढरी होईपर्यंत तापवली, आधीचे आणि नंतरचे वजन घेतले आणि त्या प्रमाणात मिश्रण करून भट्टीत ठेवले.

बुधवारी क्ष-किरणांचा आलेख आला. शिखरे जागच्या जागी होती, म्हणजे हवा तोच पदार्थ बनला होता. एक छोटा उंचवटा उपरा होता, तो मी लपवला नाही. नाण्याएवढ्या बॅटरीने शुक्रवारपर्यंत चार्ज-डिस्चार्जची मोजकीच आवर्तने पूर्ण केली. आयन एकच बाहेर आला, दुसरा आलाच नाही. पण साखर घालून केलेल्या माझ्या आधीच्या अशुद्ध नमुन्यासारखी तिची क्षमता लगेच कोसळली नाही.

समितीने विषय कायम ठेवला, एका अटीवर: हाच नमुना आणखी तीनदा जसाच्या तसा करून दाखवायचा. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. "झाकणाला भोके किती होती?"

हे मी मोजलेच नव्हते. प्रत्येक मुशीचे वजन दोनदा घेणारी मी.

शनिवारी काकांकडे गेले. पत्रा कुठे आहे विचारल्यावर त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याकडे बोट दाखवले. छप्पर म्हणून तो तिथे बसला होता. मी वही काढली, एका कोंबडीला बाजूला केले आणि मोजायला लागले.

"काय मोजतेस गं?"

"तुम्ही पाडलेली भोकं."

"मंग दोन सोड," काका म्हणाले. "ती काल पाडलीत. कोंबड्यांना गरम होत व्हतं."

"कुठली दोन?"

काका खुराड्याजवळ आले, त्यांनी एका भोकावर बोट ठेवले, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, आणि शेवटी काकूला हाक मारली.