दुर्राचा तराफा

दुर्रा माझ्या बाकावरची. तिला प्रश्न पडायचे आणि ते तिच्या पोटात राहायचे नाहीत. इतिहासाच्या तासाला ती विचारायची, "बाई, राजा हरला, पण त्याच्या घोड्यांचं पुढे काय झालं?" मागच्या बाकावरून लगेच कुणीतरी म्हणायचं, "झालं, उघडलं हिचं दुकान!" दुर्रा वळून म्हणायची, "या की मग, गिऱ्हाईक हवंच होतं."

आम्ही नववीत होतो. विज्ञानाच्या रौदाबाई तरंगण्याचा धडा शिकवत होत्या. दुर्राचा हात वर झाला. "बाई, एवढासा खिळा बुडतो. मग स्फाक्स बंदराहून येणारी लोखंडी बोट का बुडत नाही?"

बाईंनी पुस्तकातलं उत्तर दिलं.

"हे मला पाठ आहे, बाई. पण पटलं नाही."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. रौदाबाई तशा तापट. पण त्यांनी खडू खाली ठेवला. "मग पटवून घे. माणूस बसेल असं काहीतरी बांध आणि तरंगवून दाखव. हसणाऱ्या सगळ्या हिच्या मदतीला."

आमच्या केरकेना बेटांभोवती समुद्र इतका उथळ, की ओहोटीला कितीही आत गेलं तरी कंबर भिजत नाही. त्यामुळे भीती कुणालाच नव्हती. आम्ही खजुरीचे दांडे आणले, घरोघरचे रिकामे प्लास्टिकचे कॅन गोळा केले. दुर्राचे वडील मन्सूरकाका मासेमार, बोलण्यात भारी कंजूष. त्यांनी जुना दोर पुढे केला आणि एवढंच म्हणाले, "बुडलात तर येताना शिंपले आणा."

तराफा तयार झाला. गलका ऐकून हेडबाई शाजलियाबाई किनाऱ्यावर आल्या. देहाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. "मुलींना बसवायच्या आधी मी बसून बघणार," त्या म्हणाल्या, आणि चपला काढून खरंच बसल्या. तराफा तरंगला! आम्ही टाळ्या पिटल्या. हेडबाईंनी खुशीत हात हलवला, तशी त्या बाजूला कलल्या आणि तराफा गर्रकन उलटला.

हेडबाई पाण्यात बसल्या होत्या. डोक्यावरच्या रुमालातून धारा लागलेल्या. हसायची कुणाची छाती होईना.

"दुर्रा!"

"जी, बाई..."

"तरंगत तर होतं की गं. मग उलटलं कसं?"

आजवर प्रश्न दुर्रानेच विचारले होते. "मला नाही माहीत, बाई."

"मग शोधून काढ. आणि आधी मला हात दे!" म्हणून त्या स्वतःच खदखदून हसल्या. मग आम्हालाही आवरेना.

त्या संध्याकाळी दुर्रा घरी पाण्याचा टब घेऊन बसली. मी होतेच. तिने एका बाटलीवर फळी बांधली, वर बटाटा ठेवला. फळी उलटली.

"यम्मा, हे बघ ना!"

"भांडी पडलीत आणि ही बटाट्यांना पोहायला शिकवतेय!" तिची आई करवादली. पण दुर्राने दोन बाटल्या फळीच्या दोन टोकांना बांधल्या, तेव्हा यम्माही हात पुसत जवळ आली. "मधे ठेव गं, मधे! आता जरा कडेला. अगंबाई, पडत नाही की!" भांडी तशीच राहिली.

आम्ही सगळे कॅन मधे एका ओळीत बांधले होते, चूक तिथेच होती. आठवड्याभरात ते सोडून दोन्ही कडांना लांब लांब बांधले. हेडबाई पुन्हा बसल्या, या वेळी आम्हा दोघींना शेजारी घेऊन. त्यांनी मुद्दाम डावी-उजवीकडे झुकून पाहिलं. तराफा नुसता डुलला.

मन्सूरकाका गुडघाभर पाण्यात उभे राहून बघत होते. घरातल्या मुलीला त्यांनी कधी नावेत घेतलं नव्हतं. ते लेकीला म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी पहाटे उठशील? जाळी ओढायला ये."

दुर्रा गेली. जाताना ओकली, येतानाही ओकली. दुसऱ्या दिवशी पिवळ्याजर्द चेहऱ्याने वर्गात आली आणि म्हणाली, "बाई, बोटीचं पटलं, तिच्या पोकळ पोटात हवा असते. आता माझ्या पोटाचं सांगा."

पुढच्या सुट्टीलाही ती गेलीच. आज ती स्फाक्सच्या एका कारखान्यात नव्या बोटींचे आराखडे काढते. तिच्या हाताखाली शिकणाऱ्या मुली सांगतात, दुर्राताई सरळ उत्तर कधी देतच नाहीत, आधी पाण्यात उतरवतात.