ठोकेकाकांचा खिळा

माणसांचे चेहरे ठोकेकाका हमखास विसरत, पण घोड्याचा खूर एकदा हातात धरला की जन्मात विसरत नसत. चाळीस वर्षं नालबंदी केलेली, सत्तरी गाठलेली. आसपासच्या यच्चयावत घोड्यांचे नाल त्यांनीच ठोकलेले. आपला खिळा आजवर एकाही जनावराच्या खुरातल्या मांसाला लागला नाही, हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवत, आणि ऐकणाऱ्याला मान डोलवावीच लागे.

वस्तीबाहेरचं मोठं कुरण मालकीणबाईंच्या मालकीचं. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी त्यांनी ते राखून ठेवलं होतं. घोडेस्वारांना मधून खडीची एक वाट तेवढी दिली होती. अट एकच: वाट सोडून घोड्याचं पाऊल गवतात पडलं, तर फाटक कायमचं बंद. मग उरला हायवे आणि त्यावरचे ट्रक. काकांची लेक आपल्या एकुलत्या एका घोडीवर, त्याच वाटेवर मुलांना रपेट शिकवायची. तिचं पोटच त्यावर होतं.

एका सकाळी टिटवीचं घरटं तुडवलेलं सापडलं. मालकीणबाईंनी सगळ्या स्वारांना घोड्यांसकट, आणि काकांनाही, तिथे बोलावून घेतलं.

"कुणाचा घोडा ते आत्ता सांगा. नाहीतर कुलूप लावते."

मग एकेक नजर काकांकडे वळली. काका गुडघे धरत वाकले, घरट्याजवळचा खुराचा ठसा पाहिला आणि त्यांनी तो लगेच ओळखला. हा नाल त्यांनी परवाच ठोकला होता.

"आमच्या घोडीचा आहे," ते म्हणाले.

लेक रडवेली झाली. "घरटं मला दिसलंच नाही, बाबा. काल ती सारखी गवताकडेच ओढत होती."

काकांनी घोडीचा पाय उचलला आणि हातोडीने एकेक खिळा हळूच ठोठावला. तिसऱ्या खिळ्याला घोडीने झटकन पाय ओढून घेतला. तो का ओढला, हे तिथे काकांशिवाय कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. पाय खाली ठेवून गप्प बसता आलं असतं. पण गप्प बसेल तो माणूस कसला!

"खिळा आत मांसात गेलाय," सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले. "खडी सोसेना म्हणून ती मऊ गवतात गेली. चूक पोरीची नाही, माझी आहे. बंद करायचं तर मला करा, वाट नका करू."

मालकीणबाईंनी पर्समधून फाटकाची किल्ली काढून काकांच्या हातावर ठेवली.

"वाट राहू दे. कुणाला सोडायचं, ते यापुढे तुम्ही बघा."

काकांनी तो खिळा काढला, आणि पहिली बंदी घातली ती घरच्याच घोडीवर. बाकीच्या टिटव्यांची पिल्लं उडेपर्यंत तिला फाटकातून आत घ्यायचं नाही. लेक चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. दोन गिऱ्हाइकंही तुटली. तुटू देत.

आता खूर बरा झाल्यावर मुलांना शिकवायला लेक रोज हायवेच्या कडेकडेने पलीकडच्या मैदानात घोडी नेते. पुढे लाल फडकं हातात धरून ठोकेकाका चालतात.

"बाबा, एवढ्या उन्हात तुम्ही कशाला येता?"

"खिळा माझा होता," असं म्हणून ते फडकं वर धरतात आणि समोरून येणारा ट्रक थांबवतात.