रो-नऊचं विरजण

रक्तातली चरबी आणि लॅबमधले किस्से, दोन्ही गुपचूप साठतात. दुखत नाही, खुपत नाही, कोणी विचारतही नाही. मग एक दिवस मित्रमंडळी जमतात, कोणीतरी म्हणतं, "सांग की गं तुमच्या उंदरांचं," आणि रिपोर्ट एकदम हाय येतो!

तर आमची लॅब. बुलढाणा जिल्ह्यातलं एक फार्मसी कॉलेज, गावाबाहेर, तिन्ही बाजूंना सोयाबीन. त्याच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं जण कोलेस्टेरॉल कमी करणारं नवं औषध शोधतो. हसलात? हसा. सगळेच हसतात, आम्हाला सवय आहे.

तिघांत प्रमुख सुनंदा मॅडम, रोहिणखेडच्या. हैदराबादच्या एका मोठ्या औषध कंपनीत होत्या, तिथून गाशा गुंडाळून इकडे आल्या. दुसरा देवानंद, पिंपळगाव राजाच्या शेतकऱ्याचा मुलगा. प्राण्यांवरचे प्रयोग त्याच्याकडे. तिसरी मी, वर्षा, साखरखेर्ड्याची. मी फ्लास्कमध्ये नवी रसायनं बनवते, म्हणजे बहुतेक वेळा बिघडवते.

* * *

मॅडमनी या कामाचा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा प्राचार्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मॅडम, नवं मॉलिक्यूल वगैरे मोठ्या शहरांत ठीक असतं. आपण आवळ्याचा काढा करू. झेपेल असं काहीतरी."

"काऊन सर? कोलेस्टेरॉल काय पिनकोड पाहून चढते?"

प्राचार्यांनी कप पुन्हा उचलला. मग मॅडमनी आपल्या वडिलांचं सांगितलं. शाळामास्तर होते, रविवारी बुद्धविहारात पोरांना फुकट गणित शिकवायचे. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि त्यांच्या मांड्या दुखायला लागल्या. काही जणांना त्या गोळ्यांनी तसं होतं. त्यांनी डॉक्टरांना न विचारताच गोळी बंद केली आणि एका सकाळी शाळेत प्रार्थना चालू असताना जागच्या जागी गेले.

"मले अशी गोळी पाह्यजे जी माणूस मधातच सोडणार नाई," मॅडम म्हणाल्या. रडून नाही, चांगल्या चिडून म्हणाल्या. काढ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

* * *

मोठ्या कंपन्या आपल्या नवीन रसायनाला कंपनीच्या नावाची अक्षरं आणि नंबर देतात. मॅडम म्हणाल्या, "आपली कंपनी म्हणजे आपलं गाव." म्हणून ज्यानं रसायनाची कल्पना काढली त्याच्या गावाचं अक्षर लागतं. माझी ती 'सा', देवानंदची 'पिं'. मॅडमच्या कल्पनेतलं नववं रसायन, ज्यावर आमचा सगळा जीव अडकलाय, ते 'रो-नऊ'.

पुण्याच्या एका परिषदेत मॅडमनी रो-नऊबद्दल सांगितलं. बोलता बोलता त्यांच्या तोंडून "उंदराले डोस देल्ला" असं गेलं आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. पहिल्या रांगेतले एक मोठे शास्त्रज्ञ उठले. रुपेरी केस, खिशात पांढराशुभ्र रुमाल.

"बुलढाण्यात या कामासाठी लागणारी यंत्रं आहेत का?" त्यांनी गोड आवाजात विचारलं.

"नाहीत सर," मॅडम म्हणाल्या. "म्हणून आमाले डोकं वापरा लागते!"

या वेळी मागची रांग हसली नाही. टाळ्या वाजवल्या तिनं. रुपेरी केसवाले मात्र न हसता खाली बसले. ते लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहेत.

* * *

आता उंदरांचं.

प्रयोगात उंदरांचे गट असतात. एका गटाला वनस्पती तूप घातलेलं खाणं देऊन त्यांची चरबी वाढवायची, मग औषध देऊन ती उतरते का बघायचं. दुसरा गट फक्त तुलनेसाठी. त्यांना साधं खाणं, साधं पाणी. त्यांची चरबी वाढायचं काही कारणच नाही.

आमच्या प्रयोगात तुलनेचे उंदीर लठ्ठ झाले! रक्त तपासलं तर तुपाच्या गटाशी स्पर्धा! मी रसायनं पुन्हा तपासली, मशीन पुन्हा लावलं, पिंजऱ्यांवरच्या पट्ट्या पुन्हा वाचल्या. काही चुकलेलं नव्हतं.

शेवटी मॅडमनी देवानंदला समोर उभं केलं. "खरं सांग बे. काय खाऊ घातलं त्याईले?"

देवानंदनं छताकडे बघितलं. "पेढे."

"पेढे?"

"बहिणीचं लगन जमलं ना मॅडम. डबा मोठा होता. रोज सकाळी जरासाक देत होतो."

"काऊन पण?"

"आता पाहा," देवानंद तावातावानं बोलायला लागला, "तिकडच्या पिंजऱ्यात तूप, अन् इकडच्याईले सुकं खाणं. ते जाळीतून टुकूटुकू पाह्यतात. तुमीच म्हणता ना, आपल्या लॅबमधी पंगतीत दुजाभाव नाई!"

ते खरं होतं. आमच्याकडे डबे एका टेबलावर उघडतात आणि कोणाचा डबा कोणाचा राहत नाही. हा नियम मॅडमचा. त्यांच्या आजोबांना गावातल्या लग्नात मांडवाबाहेर बसवून वरून वाढलं जायचं. म्हणून आमच्याकडे वेगळं पान हा शब्दसुद्धा चालत नाही.

मॅडमचं तोंड रागानं लाल झालं, मग त्यांना हसू फुटलं, मग पुन्हा राग आला. "देवानंद, माणसाच्या पंगतीत भेद करायचा नाई. उंदराच्या पंगतीत कराचाच! त्याले विज्ञान म्हणतात!"

प्राचार्यांनी हळूच सुचवलं की ते लठ्ठ उंदीर आकड्यांतून वगळून टाका, कोणाला कळणार आहे. मॅडम म्हणाल्या, "मले कळन." अख्खा प्रयोग पहिल्यापासून केला आणि पेढ्यांचा डबा मॅडमच्या कपाटात कुलपात गेला.

* * *

देवानंदच्या वडिलांना हे काम बघायचं होतं. एकदा बाजाराच्या दिवशी आले, धोतर सावरत उंदरांच्या खोलीत शिरले. थंडगार खोली, पंखे, स्वच्छ पाणी. एकेका पिंजऱ्यात वाकून बघितलं.

"काय करते रे हे औषध?"

"बाबा, यानं उंदराच्या रक्तातली चरबी कमी होते. त्याचं हार्ट चांगलं राह्यते."

म्हातारबाबांनी कपाळावर हात मारला. "मी जिंदगीभर वावरातले उंदीर मारले, अन् माहा पोट्टा त्याईचं हार्ट सांभाळून राह्यला!"

जाताना दारात थांबले आणि मॅडमना म्हणाले, "बाई, माही बी गोळी चालू हाय. पाय लय ठणकतात. तुमचं होईल तवा मले सांगजा."

"होईल बाबा," मॅडम म्हणाल्या. "पण तोवर हायेत त्या गोळ्या सोडू नका. ठणका डॉक्टरले सांगा, ते बदलून देतीन. सोडल्या त मी घरी येऊन भांडीन!"

* * *

रो-नऊनं सुरुवातीला आम्हाला फार रडवलं. कागदावर ते पांढरं, कोरडं, स्फटिक असायला हवं होतं. फ्लास्कमध्ये काय तर काकवी! चिकट, पिवळी, ढम्म. स्फटिक झाल्याशिवाय ते शुद्ध होणार नाही आणि शुद्ध झाल्याशिवाय त्याला औषध म्हणता येणार नाही. बर्फात ठेवलं, काचकांडीनं फ्लास्क आतून खरवडला, देवानंदनं नारळसुद्धा फोडला. काकवी ती काकवीच.

मग दिवाळीच्या सुट्टीत एक फ्लास्क खिडकीत विसरला. परत येऊन बघते तर काठावर सुईसारखे पांढरे कण! मी एवढ्या जोरानं ओरडले की देवानंद साप निघाला समजून काठी घेऊन आला.

गंमत पुढे आहे. त्या दिवसानंतर रो-नऊ आमच्याकडे प्रत्येक वेळी आपोआप स्फटिक व्हायला लागलं. काही करावं लागेना. मॅडमनी तेव्हा सांगितलं, "विरजण लागलं. दुधात जरासं दही पडलं की सगळ्याचं दही होते ना? तसंच. एकदा याचे कण झाले की ते डोळ्याले दिसत नाई एवढे बारीक होऊन टेबलावर, कपड्यावर, हवेत बसतात. नव्या काकवीत एक जरी कण पडला त बाकीचं त्याच्याकडे पाहून जमते."

तेव्हापासून मॅडमनी आपला एप्रन धुवायला टाकला नाही.

* * *

आणि मग तज्ज्ञ समिती आली. आमचं काम इथे चालू ठेवायचं की सगळी रसायनं शहरातल्या मोठ्या लॅबकडे सोपवून ही खोली बंद करायची, ते ही समिती ठरवणार होती. अध्यक्ष कोण? रुपेरी केसवाले!

ऐन उन्हाळा, बाहेर झळा, आत लाइट गेलेली. अध्यक्षांनी माझ्या टेबलावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि खिशातला पांढरा रुमाल काढून ते शांतपणे पुसलं.

"इथे धूळ फार आहे, मॅडम."

मला इतका राग आला की कानशिलं तापली. त्या टेबलावर माझं अर्धं तारुण्य गेलंय आणि या माणसाला धूळ दिसली! मॅडम मात्र हसत उभ्या होत्या.

निर्णय असा झाला, की शहरातली लॅब, म्हणजे अध्यक्षांचीच, आमच्या पद्धतीनं रो-नऊ स्वतः बनवून बघेल. बनलं तर काम इथेच राहील. नाही बनलं तर खोलीला कुलूप.

"आमचा नमुना सोबत देतो," मॅडम म्हणाल्या. "जुळवून पाहाले कामी येईन."

"नमुना नको," अध्यक्ष म्हणाले. "तुमची फक्त पद्धत द्या. आमच्याकडचं आम्ही नव्यानं, स्वच्छ करू."

मॅडमनी पद्धत दिली.

* * *

पावसाळा सरता सरता तिकडून बोलावणं आलं. रो-नऊ बनत नव्हतं. नुसती काकवी. तुम्ही सांगता तसा पदार्थ अस्तित्वातच नसावा असं आमचं मत झालं आहे, तरी एकदा समोर येऊन करून दाखवा, असा निरोप होता.

निघायच्या आदल्या दिवशी देवानंद मॅडमचा एप्रन खुंटीवरून काढत होता. "मॅडम, शहरात जाऊन राह्यलो, द्या धुवून आणतो."

"त्याले हात लावशीन त याद राख!" मॅडम एवढ्या जोरानं ओरडल्या की तुलनेचे उंदीरसुद्धा दचकले.

आम्ही तिघं गेलो. काय ती लॅब! फरशीत चेहरा दिसतो, पायात प्लास्टिकचे मोजे घालून आत जायचं. इथे काही झालं नाही तर परत जाऊन कुलूप लावायचं आणि देवानंदच्या बाबांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. टेबलावर फ्लास्क मांडलेला. त्यात तीच पिवळी, ढम्म काकवी. अध्यक्ष, त्यांचे सहा-सात संशोधक, सगळे गोल करून उभे.

"आम्ही सगळं करून पाहिलं," अध्यक्ष म्हणाले. "बर्फ, खरवडणं, महिनाभर थांबणं. आता तुम्ही करा. त्याआधी हा घ्या, आमचा धुतलेला एप्रन."

"राहू द्या सर. मी माहाच घालतो."

मॅडमनी पिशवीतून आपला एप्रन काढला. मूळचा पांढरा. तो बघून एक संशोधिका दोन पावलं मागे सरकली. मॅडमनी तो अंगात घातला, बटणं नीट लावली, फ्लास्कचं बूच काढलं आणि फ्लास्कवर आपली डावी बाही झटकली. एकदाच. मग हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

काही क्षण काहीच झालं नाही. मग काकवीच्या मधोमध एक पांढरा ठिपका उठला. त्याला सुया फुटल्या. सुयांना सुया फुटल्या. बघता बघता सगळा फ्लास्क पांढराशुभ्र झाला. देवानंदनं माझा दंड एवढा घट्ट धरला होता की वळ उठले.

अध्यक्ष टेबलावर वाकले.

"काय टाकलंत तुम्ही यात?"

"आमच्या टेबलावरची धूळ," मॅडम म्हणाल्या. "तुमी तो रुमाल धुतला नसता ना सर, त आमाले बोलवायची गरजच पडली नसती!"